नाग नदीच्या काठाकाठाने

नागपूरला पाहुणे आले, की आपण त्यांना दीक्षाभूमी दाखवतो, संध्याकाळी फुटाळ्यावर नेतो, जमलंच तर रामटेकही घडवतो. भांडेवाडीला मात्र कुणी कुणाला नेत नाही. पण मैत्रिणींनो, आपल्या मोरीतून गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हे कळायला हवं असेल, तर तिथवर जायलाच हवं.

ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं असं म्हणतात, ती नाग नदी पश्चिमेकडच्या लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी, सीताबर्डी, महाल असं करीत ती पूर्वेला निघते. वाटेत वस्तीवस्तीतल्या नाल्या तिला मिळतात आणि नदीचा नाला होतो.

पूर्व टोकाला भांडेवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथल्या मोठ्या केंद्राची क्षमता रोज 20 कोटी लिटरची! आधी जाळ्यांतून चिंध्या, प्लॅस्टिक अडवतात. मग वाळू-रेती खाली बसू देतात. पुढे मोठाल्या टाक्यांत पाण्यात हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे जीवाणू घाण खाऊन टाकतात. नंतर पाणी स्थिर ठेवलं, की गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी काढून घेतात. थोडा गाळ मुद्दाम राखून ठेवतात, आपण विरजण राखतो ना, अगदी तसाच!

या पाण्याचा मोठा वाटा कोराडीच्या वीजकेंद्राला जातो. पूर्वी तिथं पेंचचं पाणी लागे. तेच पेंचचं पाणी आपल्या नळाला येतं. म्हणजे सांडपाणी शुद्ध झालं, की नदीवरचा भार हलका होतो आणि पिण्याचं पाणीही वाचतं.

पण सगळ्या वस्त्यांचं सांडपाणी अजून केंद्रापर्यंत पोचत नाही. जे सुटतं, ते नागेतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. पाच नद्यांच्या संगमावर अंभोऱ्याला आपण भक्तिभावानं हातपाय धुतो, ओंजळीत पाणी घेतो. त्यात आपल्याच घरचं पाणी असतं! पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाकाठची गावं तर रोज त्याच पाण्यावर जगतात.

केंद्र चालवणं महापालिकेचं काम. पण निम्मं काम आपल्या हातात आहे. तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतू नये. तेलकट कढई जुन्या कागदानं पुसून मग घासावी. उष्टं, केसांचे गुंतवळ, पॅड, प्लॅस्टिक नालीत जाऊ देऊ नये. तेलानं नळ्या तुंबतात, चिंध्यांनी जाळ्या अडतात आणि तुंबलेलं पाणी नदीची वाट धरतं.

अंभोऱ्याला जाताना आपण घरून फुलं नेतोच. आपल्या मोरीतली घाण तेवढी तिथवर जाऊ नये!