घास आणि आहार

कुत्र्याला घास घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. वैश्वदेवात काकबलीबरोबर श्वानबलीलाही जागा आहे. कर्मकांड बाजूला ठेवले, तरी जेवणे उरकल्यावर भाकरीचा चतकोर दारातल्या कुत्र्यासाठी काढून ठेवणारी घरे मराठवाड्यात आजही पुष्कळ सापडतील. नामदेवांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे : कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नामदेवांचे नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. जनाबाईंचे गंगाखेड अजूनही आहे. त्यामुळे ही कथा आमच्याकडे घरातल्याच कोणा वडीलधाऱ्याची आठवण सांगावी, अशा थाटात सांगितली जाते.

या कथेत एक प्रश्न उद्भवतच नाही. ते कुत्रे उरलेल्या वेळी काय खात होते? तो त्याचा प्रश्न होता. गावातले कुत्रे दहा दारांचे असते. एका दारी भाकरी, दुसऱ्या दारी ताक, खाटकाच्या दुकानामागे एखादे हाड, रानात उंदीर-घूस, असा आपला आहार ते आपणच जमवते. आपण देतो तो त्यातला एक घास. त्या घासाला माप नसते आणि असण्याचे कारणही नसते.

घरात पाळलेल्या पिलाची गोष्ट निराळी. त्याला दुसरे दार नाही. आपण ताटलीत जे ठेवू, तेवढ्यातून त्याची हाडे, स्नायू आणि दात घडायचे असतात. तिथे घास पुरत नाही, आहार लागतो. आणि 'आहार' म्हटले की माप आले.

हा विचार मला सुचला तो आमच्या घरातल्या एका मतभेदामुळे. धाकट्या दिराने लातूर जिल्ह्यातून कारवानी जातीचे पिलू आणले. ही आपल्याच मुलखातली शिकारी जात : लांब मुस्कट, खोल छाती, आत गेलेले पोट आणि काटक्यांसारखे पाय. केसाळ असेल तर तिला पश्मी म्हणतात. पिलू अडीच महिन्यांचे आणि वजन पाच किलो. पशुवैद्यांनी एका कागदावर दिवसाचे माप लिहून दिले. तो कागद स्वयंपाकघरात लागताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, लेकराला कुणी मोजून घालतंय का?"

त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या होत्या. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी त्यांनी खाल्लेली आहे. त्या पिढीसाठी 'मोजून खाणे' म्हणजे टंचाई. सुबत्ता म्हणजे न मोजता वाढणे. घरात धान्य असताना मुक्या जीवाला मोजून घालणे हा त्यांच्या लेखी कंजूसपणाच नव्हे, अशुभही होता. भाकरी दुधात कुस्करून, पोट टम्म होईपर्यंत खाऊ घालावी, इतका साधा त्यांचा नियम.

म्हणून मी आधी भाकरीचाच हिशेब मांडला. वाढत्या पिलाला किती उष्मांक लागतात, हे काढण्याची एक रूढ रीत आहे. किलोमधील वजनाचा पाऊणावा घात घ्यायचा, त्याला सत्तरने गुणायचे. चार महिन्यांपर्यंत त्याची तिप्पट करायची, त्यानंतर दुप्पट. पाच किलोच्या पिलाला यानुसार दिवसाला सुमारे ७०० उष्मांक लागतात. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते मिळून जातात. म्हणजे पोट भरले! पण त्या पिठात प्रथिने जेमतेम वीस ग्रॅम. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेने वाढत्या पिलांसाठी ठरवलेले किमान प्रमाण पाहिले, तर त्याला साधारण चाळीस ग्रॅम हवीत. कॅल्शियमची स्थिती तर विचारूच नये : गरज सुमारे दोन हजार मिलिग्रॅमची आणि ज्वारीत मिळणार पन्नास-पंचावन्न. 'परभणी मोती'ची पांढरीशुभ्र भाकरी माणसासाठी कितीही सकस असली, तरी एकट्या तिच्यावर कुत्र्याचे हाड घडत नाही.

मग दूध? गाईचे अर्धा लिटर दूध घातले, तरी कॅल्शियम सहाशे मिलिग्रॅमच्या आसपासच वाढते. शिवाय कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात, साखर मात्र कमी. आईचे दूध सुटलेल्या पिलाला गाईच्या दुधातली ती साखर नीट पचत नाही आणि ढाळ लागते. नुसते मांस घालावे, तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हाडे त्यानेही कमकुवत होतात. आणि 'मुडदूस आहे, उन्हात बसवा' हा लहान मुलांच्या बाबतीत योग्य असलेला सल्ला इथे चालत नाही. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होतच नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते. परभणीच्या उन्हाचा आम्हाला एवढा अभिमान, पण या कामी त्याचा उपयोग शून्य!

पूर्ण आहार म्हणून विकले जाणारे पिलांचे खाद्य आम्ही निवडले ते या हिशेबावरून. त्यातही मोठ्या होणाऱ्या जातींसाठीचे. अशा खाद्यावर वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पातळ औषध देऊ नये. सहा महिन्यांच्या आतल्या पिलाचे आतडे जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. ते शोषले जाते आणि सांधे-हाडे वेडीवाकडी वाढतात. थोडक्यात, कमी पडले तरी पाय वाकतात आणि जास्त झाले तरी. घरचेच शिजवून घालायचे असेल तर अवश्य घालावे, परंतु भाकरी, अंडी, मांस आणि कॅल्शियम यांचे प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. कांदा-लसणाची फोडणी दिलेले वरण, द्राक्षे-बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे मात्र कोणत्याच प्रमाणात नकोत.

आता मापाकडे येऊ. पिलू वाढते तसे अन्नही त्याच पटीने वाढवावे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तसे नसते. आमचे पिलू पाच महिन्यांचे झाले तेव्हा वजन बारा किलो भरले, दुपटीहून अधिक. गरज मात्र ७०० वरून ९०० उष्मांकांवर, म्हणजे सव्वापटीच्या जराशी वर गेली. आमच्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३६० उष्मांक आहेत. तेव्हा आधी दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर आणि आता अडीचशे. पिशवीवरच्या तक्त्यात बहुधा पिलाचे वय आणि 'मोठेपणीचे अपेक्षित वजन' विचारलेले असते, आजचे वजन नव्हे. ती ओळ नीट वाचली नाही, तर सगळे गणित चुकते. आणि हे आकडेही आरंभापुरतेच. खरी परीक्षा हाताने करायची : बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी. दर पंधरा दिवसांनी वजन करावे आणि त्याप्रमाणे माप थोडे हलवावे.

नेमकी इथेच कारवानीची पंचाईत होते. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या निरोगी असतानाही दिसतात. येणाराजाणारा विचारतो, "उपाशी ठेवता काय हो?" दारच्या जनावराची बरगडी दिसणे ही आपल्याकडे घराच्या अब्रूची बाब आहे. अशा वेळी मला एका प्रयोगाचा आधार वाटतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पुरिना या खाद्य विकणाऱ्याच कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या आणि आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठू लागली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे काय, हे ज्यांनी म्हातारे कुत्रे सांभाळले आहे त्यांना सांगायला नको.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले. आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नाही, पण एक शब्द त्यांच्या कामी आला. मी 'पन्नास ग्रॅम' म्हटले तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे किती?" आणि फडताळातून जुने पितळी कोळवे काढून आणले. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर : हे कोष्टक त्यांना अजून मुखोद्गत आहे. त्या कोळव्यात खाद्याचे पन्नास ग्रॅमच दाणे मावले. दिवसातून चार वेळा एकेक कोळवे, असा नियम मग त्यांनीच घालून दिला.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की मोजणे हे त्या पिढीला परके नव्हतेच. दाणा न् दाणा मोजून ज्यांनी घर चालवले, त्यांना मापाचा राग नव्हता. मापामागच्या अभावाची भीती होती. अभाव सरला तसे माप अडगळीत गेले आणि त्याबरोबर, कोणाला किती पुरते हे रोज निरखून पाहण्याची सवयही गेली. पिलाच्या निमित्ताने ती आमच्या घरात परत आली आहे. हल्ली संध्याकाळी सासूबाई त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवतात, क्षणभर थांबतात आणि कोळवे काठोकाठ भरायचे की बोटभर कमी, ते ठरवतात. पशुवैद्यांच्या काट्यावरचे वजन बहुतेक वेळा त्यांच्या बाजूनेच कौल देते.