डॅविटच्या पुलापलीकडचे बेट

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा जिल्हा आहे. त्याच्या टोकाला ॲकिल हे बेट. आयर्लंडच्या किनाऱ्यालगतच्या बेटांत सर्वांत मोठे, पण लोकवस्ती अडीच हजाराच्या आसपास. आपल्याकडे चार-सहा चाळींत तेवढी माणसे सहज मावतात. एवढ्याशा जागी मे महिन्याच्या सुरुवातीला, सोमवारच्या सुट्टीला जोडून, लेखक-कवी-चित्रकार जमतात. माझी लेक त्या जिल्ह्यात नर्स आहे. 2019 साली मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने दोन दिवस रजा टाकली आणि मला तिथे नेले. आयर्लंडविषयी मला ठाऊक होते ते एवढेच, की आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्यांच्या 1937 च्या घटनेवरून घेतलेली आहे.

साहित्य संमेलन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मंडप, हारतुरे आणि लांबलेली भाषणे येतात. इथे गावचा साधा हॉल होता. खुर्च्या मांडायला गावचीच माणसे, मागच्या टेबलावर चहाची किटली, आणि ज्याचे वाचन संपले तो लेखकही उठून कप विसळू लागला. मला आमच्या वस्तीतले जुने कार्यक्रम आठवले. सतरंजी एकाने आणायची, पेट्रोमॅक्स दुसऱ्याने, आणि कवी शेवटच्या लोकलने घरी जाणार. साहित्याला मोठी जागा लागत नाही. ऐकणारे लागतात, बस्स.

हा मेळावा भरतो हाइनरिश ब्योल या जर्मन लेखकाच्या आठवणीत. कलोन शहरातल्या एका सुताराचा हा मुलगा. हिटलरच्या लढाईत त्याला बळेच सैन्यात जावे लागले, जखमा झाल्या. पुढे आयुष्यभर त्याने युद्धाविरुद्ध आणि साध्या माणसांविषयी लिहिले. 1955 मध्ये बायकामुलांसह तो ॲकिलला आला, 1957 मध्ये आयर्लंडवरचे त्याचे पुस्तक निघाले आणि 1958 मध्ये त्याने बेटावरच्या डूगॉर्ट गावी एक लहान घर विकत घेतले. 1972 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, 1985 मध्ये तो वारला. 1992 पासून ते घर लेखक-कलावंतांना काही आठवडे राहून काम करायला देतात. मला ही गोष्ट फार आवडली. थोर माणसाच्या घराला कुलूप लावून बाहेर पाटी ठोकण्यापेक्षा तिथे कोणाची तरी चूल पेटती राहणे बरे.

मात्र पाहुण्याने लिहिलेले गाव आणि गावकऱ्याने भोगलेले गाव, यांत फरक असतोच. पाहुण्याला डोंगर, समुद्र आणि शांतता दिसते. ती शांतता कशाने आली हे दुसऱ्या दिवशी चालत जाऊन पाहिले.

स्लीवमोर डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. ऐंशी ते शंभर दगडी घरे, एकालाही छप्पर नाही. भिंती शाबूत, दाराची चौकट रिकामी, आत गवत आणि मेंढ्या. एक घर एका खोलीचे. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. घरांपुढच्या उतारावर अजून बटाट्याचे वाफे उमटलेले दिसतात. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळात देशभरात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच बोटीत बसून परदेशी गेली. त्या काळातही धान्य देशाबाहेर जातच होते. जमीन मालकाची, घर मालकाच्या मर्जीवर, खंड थकला की बेदखल. हे गाव मात्र एका दिवसात उठले नाही. हळूहळू माणसे समुद्राकडे सरकली, काही वर्षे उन्हाळ्यात गुरे घेऊन येत राहिली, मग तेही थांबले. मी एका उंबऱ्यावर बसले. लेक म्हणाली, "आई, गार आहे, ऊठ." मला उठवेना. चूल कुठे असेल ते मला बाईमाणूस म्हणून लगेच समजले होते.

संध्याकाळी ती मला किल्डाव्हनेटच्या दफनभूमीत घेऊन गेली. या बेटाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटलंडला बटाटे काढायला जात. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या जातात, तसेच; मुकादम, कोपी, पोरेबाळे सगळे तसेच डोळ्यांपुढे आणा. 1894 च्या जून महिन्यात अशा मजुरांची होडी वेस्टपोर्टजवळ उलटली आणि 32 जण बुडाले. बेटाकडे येणारा रेल्वेमार्ग तेव्हा रीतसर सुरूसुद्धा झाला नव्हता. त्यावरून पहिली गाडी धावली ती त्यांचे देह घेऊन. 16 सप्टेंबर 1937 ला स्कॉटलंडमधल्या किर्किन्टिलॉक गावी मजुरांच्या झोपण्याच्या कोठाराला आग लागली. दार बंद होते. ॲकिलची दहा मुले जळून मेली. थोरला तेवीस वर्षांचा, धाकटा तेरा. रेल्वेमार्ग त्याच महिन्यात कायमचा बंद व्हायचा होता. त्याच मार्गावरून दहा शवपेट्या घरी आल्या. दगडावरची नावे लेकीने वाचून दाखवली. तीच आडनावे पुन्हा पुन्हा येत होती. भाऊ-भाऊ होते ते.

आता पुलाची गोष्ट. मुख्य भूमीवरून बेटावर नेणारा पूल मायकल डॅविट याच्या नावाचा आहे. पहिला पूल 1887 मध्ये त्याच्याच हस्ते खुला झाला. आजचा नंतर बांधलेला, नाव तेच. डॅविट मेयोच्या एका कुळाचा मुलगा. चार वर्षांचा असताना घरादारातून हाकलला गेला. आईबाप पोट भरायला इंग्लंडला गेले. तिथे अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. गिरणगावात आयुष्य काढलेल्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको. याच डॅविटने 1879 मध्ये कुळांची लॅंड लीग उभी केली.

आणि त्याच बेटावर, डूआ गावाजवळ, कॅप्टन बॉयकॉट नावाचा इंग्रज बरीच वर्षे जमीन करून राहत होता. पुढे तो मेयोतच दुसरीकडे एका जमीनदाराचा कारभारी झाला. 1880 मध्ये खंड कमी करण्यावरून वाद पेटला, तेव्हा कुळांनी हत्यार उचलले नाही. त्याच्या शेतावर कोणी कामाला जायचे नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, कोणी त्याच्याशी बोलायचे नाही, असे ठरले. पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसे आणावी लागली, त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकापायी सरकारचे दहा हजार पौंड गेले असे सांगतात. साहेब देश सोडून गेला, आणि त्याचे आडनाव इंग्रजी भाषेत शब्द होऊन बसले.

हॉलमध्ये चहाच्या वेळी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "तुमच्या भाषेत बॉयकॉटला काय म्हणतात?" लेकीने मराठीत सांगितले, मी उत्तर दिले, "बहिष्कार. खेड्यात म्हणतात वाळीत टाकणे." मग मी तिला म्हटले, "त्यांना नीट सांग. इथे गरिबांनी मालकाला वाळीत टाकले. आमच्याकडे मालकांनी गरिबांना टाकले." माझ्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, तेव्हा गावाने गिरणी बंद केली, दुकान बंद केले, मजुरी बंद केली. आजी तीन कोस चालत पीठ आणायला जायची. बाबासाहेबांनी 1927 मध्ये आपल्या पत्राला नावच ‘बहिष्कृत भारत’ दिले ते उगीच नव्हे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हायला 2016 साल उजाडावे लागले, हेही मी सांगायला लावले.

लेक थांबत थांबत इंग्रजीत सांगत होती. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची आजी परत आली की काय करायची?"

मी सांगितले, "भाकरी करायची. आधी शेजारच्या बाळंतिणीला द्यायची."

त्यांनी माझा कप उचलला आणि न विचारताच पुन्हा भरून आणला. त्यांचे वडील वयाच्या चौदाव्या वर्षी स्कॉटलंडला बटाटे काढायला गेले होते, ते मग त्या सांगू लागल्या.