नीट ‘नाही’ म्हणणं

"तू दिवसभर नक्की करतोस तरी काय?" असं घरची मंडळी अधूनमधून विचारत असतात. थोडक्यात उत्तर असं, की मी मुद्दाम चुकीचे प्रोग्रॅम लिहितो आणि कंपायलर त्यांना नीट 'नाही' म्हणतो का, ते बघतो. (हसू नका, याचाही पगार मिळतो!)

सी++ मध्ये टेम्प्लेट नावाचा प्रकार आहे. म्हणजे साचाच म्हणा ना. एकदा लिहायचा आणि हव्या त्या प्रकारच्या माहितीवर वापरायचा. पण या साच्यात काय ओतलेलं चालेल, हे स्पष्ट लिहायची सोय भाषेत कित्येक वर्षं नव्हती. 'सॉर्ट'चंच घ्या. त्याला कुठल्याही घटकापाशी थेट उडी मारता यावी लागते. 'लिस्ट'मध्ये मात्र एकेक कडी धरूनच पुढे सरकावं लागतं. नवख्या मुलानं सॉर्टला लिस्ट दिली की स्क्रीनभर मजकूर यायचा, आणि त्यात कुठेतरी तक्रार असायची की वजाबाकी करता येत नाही. आता त्या बिचाऱ्यानं वजाबाकी केलेलीच नसते! ती सॉर्टच्या पोटात, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली.

यावरचा उपाय म्हणजे 'कन्सेप्ट्स'. अटी दारावरच लिहायच्या. जुलै २००९ मध्ये प्रमाणीकरण समितीने ते येऊ घातलेल्या आवृत्तीतून काढून टाकले होते. शेवटी सी++२० मध्ये ते आले. आता नव्या 'रेंजेस'मधल्या सॉर्टला लिस्ट दिली, तर कंपायलर कुठली अट पुरी झाली नाही ते नाव घेऊन सांगतो.

हे तपासायचं कसं? इथे प्रोग्रॅम कंपाईल झाला नाही तरच चाचणी पास! पण तेवढ्यावर भागत नाही. एखादा अर्धविराम राहिला तरी प्रोग्रॅम अडतोच, आणि आपल्याला वाटतं अटीनंच अडवलं. म्हणून क्लँगच्या चाचण्यांमध्ये चुकीच्या ओळीपाशीच टिप्पणी लिहितात, की इथे अमुक शब्दांतली चूक दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर चाचणी नापास, आणि न सांगितलेली एखादी जास्तीची दिसली तरी नापास.

खरा पेच यापुढे आहे. अट 'हे किंवा ते' अशी असेल, तर दोन्ही का जमलं नाही ते सांगायला हवं. अटीच्या पोटात अट असेल, तर किती खोल जायचं? जीसीसी आपणहून एकच पातळी उलगडतो; जास्त हवं असेल तर एका ऑप्शनने मागून घ्यायचं. मला हे पटतं. सगळंच सांगितलं तर पुन्हा स्क्रीनभर मजकूर, आणि काहीच नाही सांगितलं तर खिडकीवरच्या साहेबांसारखं "कागद अपुरे आहेत, उद्या या." कुठला कागद, ते विचारायचं नाही!

चाचणी शब्द जुळले का ते सांगते, समोरच्याला कळलं का ते नाही. म्हणून मी प्रत्येक संदेश एकदा मोठ्यानं वाचतो. रात्री दोन वाजता होस्टेलवर एकटा बसलेला कुणी हा वाचेल, तेव्हा त्याला 'आपल्याला हे जमणारच नाही' असं वाटेल, की 'अच्छा, लिस्ट नको, व्हेक्टर घेऊ' असं वाटेल? दुसरं वाटलं, तर माझा दिवस सार्थकी लागला. असो.