एकासनाच्या ताटातलं पेर



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात माझं आणि सासूबाईंचं बोलणं दोन दिवस बंद होतं. सांगायला संकोच वाटतो, पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत असंच काहीतरी होत असणार, म्हणून सांगते.

त्यांचं वय ७४. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहाही दिवस एकासन, एकाच बैठकीत जेवण आणि पाणीही तेव्हाच. सहाव्या दिवशी पोट इतकं अडलं की रात्रभर येरझाऱ्या. डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या, गाजर, बीट खा, अंजीर खा, पाणी भरपूर प्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चातुर्मासात पालेभाजी नाही, कंदमूळ तर कधीच नाही, अंजीर उंबराच्या जातीचं म्हणून तेही नाही. मी वैतागून म्हटलं, "मग सोडा ना आई, यंदा एकासन!" त्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून आपलं ताट आपणच वाढून घ्यायला लागल्या. ते मला फार लागलं.

यंदा मी श्रावणापासूनच तयारीला लागले. या दिवसांत गाड्यांवर काश्मीर-हिमाचलकडची पेरं येतात. (मी "पेर द्या" म्हटलं की आमचा फळवाला हमखास पेरू तराजूत टाकतो. आता मी नासपती म्हणते.) एक गोलसर, टणक, अंगावर ठिपके असलेलं, त्याला तिकडे नाख म्हणतात. दुसरं लांबट, मऊ, रसाळ, ते बाबूगोशा. मध्यम आकाराचं एक पेर सालीसकट खाल्लं की पाच-साडेपाच ग्रॅम तंतू पोटात जातात, आणि फळात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय त्यात सॉर्बिटॉल नावाची एक साखर असते, ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि पोट साफ व्हायला मदत करते. दिवसातून एकदाच पाणी घेणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

पण सासूबाईंचं म्हणणं, "पेर नको बाई. वाळू खाल्ल्यासारखं लागतं." त्यात खोटं काही नाही. पेराच्या गरात कठीण पेशींचे बारीक पुंजके असतात, तेच दाताखाली करकरतात. गाभ्याभोवती ते जास्त असतात. त्यात सासूबाईंना कवळी. आणि साल काढावी तर तंतूंचा मोठा वाटा सालीबरोबरच जातो.

म्हणून मी पेर वाफवायचं ठरवलं. आधी उभं चिरून दोन भाग करायचे आणि गाभा नीट शोधून घ्यायचा. वरून चांगल्या दिसणाऱ्या फळातही कधी आत अळी निघते, त्यामुळे आमच्याकडे अख्खं फळ दाताने तोडून खायची पद्धतच नाही. मुलांना शाळेच्या डब्यातही चिरूनच देते. गाभा त्याच्या भोवतीच्या करकरीत भागासकट काढून टाकायचा, साल ठेवायची. फोडी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, अर्धी वाटी पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायचं. उतरवताना चमचाभर गूळ आणि तूप. यूट्यूबवर सगळे यात मध घालतात, आपल्याला गुळावाचून अडत नाही. उरलेलं पाणी मात्र फेकू नका, ते त्याच बैठकीत प्यायला द्या.

कच्च्या नाखाची भाजीही होते. जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद, टोमॅटो, थोडी बडीशेपेची पूड. माझ्या मुलीला पहिल्या घासाला तो बटाटा वाटला! पिकलेल्या पेराची दह्यातली कोशिंबीरही छान लागते, फक्त फोडणीत उडदाची डाळ घालू नका, द्विदल होईल. अष्टमी-चतुर्दशीला आम्ही हिरवं चिरत नाही, त्या दिवशी भिजवलेल्या मनुका. एका वेळी दोन-तीन पेरं मात्र खाऊ नयेत, पोट फुगतं. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरेदी गणपतीच्या आधीच करा. पाच फळांच्या वाट्यांमुळे चतुर्थीला भाव चढतात. पेर झाडावरून कडकच उतरवतात, ते घरी पिकतं. कागदी पिशवीत एखाद्या केळ्याबरोबर ठेवा आणि रोज देठाजवळ बोटाने हलकेच दाबून बघा. तिथे दबलं की तयार. अंग मऊ होईपर्यंत थांबलात तर गाभा आतून काळा पडलेला असतो. माझी पहिली चार अशीच गेली.

यंदा पहिल्या दिवशी वाटी त्यांच्या पाटाशी ठेवली. त्यांनी दोन चमचे खाल्लं आणि गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी आली. सहावा दिवस कसा जाईल म्हणून मी रात्री दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावले, तर घोरत होत्या.

आठव्या दिवशी त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "तूच वाढ. आणि ती तुझी वाळू जरा जास्त घाल."