भिंतीचा हिशेब

कोरी भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी लिहावे असे माणसाला का वाटते, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञांनी करावा. करोल बागेत राहणाऱ्याने एवढेच सांगावे की, या वस्तीत कोरी भिंत शोधूनही सापडत नाही. अजमल खाँ मार्गाच्या बोळांपासून पुसा रोडवरील मेट्रोच्या खांबांपर्यंत जेथे म्हणून हात पोहोचतो, तेथे कोणाचे तरी नाव, कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक आणि कोणाचे तरी आश्वासन चिकटलेले असते. गुप्तरोगांचे वैद्य, भाड्याच्या खोल्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि या सर्वांवर ताण करणारी शिकवणी-वर्गांची पत्रके! २००५ सालच्या अखेरीस मेट्रो येथे आली, तेव्हा प्रवाशांना वाहन मिळाले आणि खळ लावणाऱ्यांना शेकडो नवे खांब मिळाले.

मला हा प्रकार मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेचाळीसच्या आंदोलनात भिंतीवर ‘चले जाव’ लिहिणाऱ्या हाताला माझा नमस्कार आहे. पण त्या पुण्याईवर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात खपवता येत नाही. तरीही आमच्या रहिवासी संघाच्या सभेत परवा एका सद्गृहस्थांनी ‘दंड लाखाचा करा आणि तुरुंगवास तीन वर्षांचा’ अशी सूचना मांडली व तिला टाळ्या पडल्या, तेव्हा माझा हात काही वर गेला नाही. सरकारी नोकरीत जन्म घालविलेल्या माणसाला टाळ्यांपाठोपाठ खर्चाचा तक्ता दिसू लागतो, त्याला इलाज नाही.

शिक्षा वाढविण्याचा प्रयोग दिल्लीत एकदा झालेला आहे. पूर्वी येथे पश्चिम बंगालचा १९७६ सालचा कायदा उसना आणून लागू केला होता. त्यात सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. पुढे दिल्लीने स्वतःचा कायदा केला. त्याच्या नावात २००७ साल असले तरी तो अवतरला २००९ साली. त्यात कैद एक वर्षापर्यंत गेली आणि दंड पन्नास हजारांपर्यंत. म्हणजे एका उडीत पन्नासपट. अपराध दखलपात्र ठरला. शाई, रंग यांच्याबरोबर खडूचाही उल्लेख त्यात आहे. तेव्हा लंगडीसाठी दारापुढच्या भिंतीवर गुण मांडणारी मुले कायद्याच्या अक्षरातून कशी सुटतात, हे एखाद्या विधिज्ञालाच विचारावे लागेल. महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा तीन महिने व दोन हजारांवर थांबला होता. आता दिल्लीच्या भिंती मुंबईच्या भिंतींहून पंचवीसपट स्वच्छ आहेत काय, हे बदलीवर आलेल्या वाचकांनी डोळ्यांनीच ठरवावे.

ज्यांच्या नावाने पत्रक लागते त्यांना कायद्याने मोकळे सोडलेले नाही. ज्याच्या लाभासाठी विद्रूपीकरण झाले तोही दोषी मानावा, असे कलम आहे; मात्र आपल्याला माहिती नव्हती वा आपली संमती नव्हती असे सिद्ध केल्यास तो सुटतो. ही माहिती नसणे मोठ्या माणसांना फार सहज साधते. रात्री दोन वाजता सापडतो तो बादली व ब्रश हातात असलेला. २०२१ च्या मे महिन्यात लशीच्या निर्यातीबद्दल पंतप्रधानांना प्रश्न विचारणारी पत्रके दिल्लीत लागली, तेव्हा धरल्या गेलेल्यांत रोजंदारीचे मजूर आणि रिक्षावाले होते. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा तसेच झाले. शंभरांहून अधिक गुन्हे नोंदले गेले आणि अटक झालेल्यांत छापखान्याचे मालकही होते. दखलपात्र अपराधाचा लगाम हाती आला की तो कोणत्या पत्रकासाठी ओढावा आणि कोणत्या पत्रकापुढे सैल सोडावा, हे ठरविण्याचा मोहही हाती येतो.

आमच्या मागल्या गल्लीत सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा राहतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेल्या शेकडो मराठी मुलांपैकी तो एक. पाच जणांत मिळून एक खोली, दुपारी खानावळ, रात्री अभ्यासिका. बापाकडून येणारे पैसे पुरेनात म्हणून तो एका वर्गाची पत्रके रात्री चिकटवीत असे. एके रात्री तो खांबापाशी पकडला गेला, रात्र ठाण्यात काढली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. ज्या वर्गाची पत्रके होती त्याने ‘हा आमचा माणूस नव्हे’ असे सांगून अंग काढून घेतले.

“काका, दंडाचं काही नाही, तो मी कसाही फेडीन,” तो मला म्हणाला. “पण साक्षांकन पत्रात तो रकाना आहे ना?”

तो रकाना आपण सर्वांनी भरलेला आहे. आपणांस कधी अटक झाली आहे काय, आपणांवर खटला चालला आहे काय? आपण ‘नाही’ असे लिहिले व विसरून गेलो. या मुलाला तेथे थांबावे लागणार. मी त्याला २०१६ सालचा अवतार सिंग खटल्याचा निर्णय वाचावयास दिला. तरुणपणी घोषणा देण्यासारखे क्षुल्लक अपराध कोणी दडविले, तरी नियुक्त करणाऱ्याने विवेक वापरून ते सोडून देता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. आणि हा मुलगा तर काही दडविणारही नाही. पण खरी मेख पुढेच आहे. क्षुल्लक कशाला म्हणावे? ज्या अपराधाला हजार रुपये दंड आहे त्याला क्षुल्लक म्हणण्यास कारकुनाचा हात कचरत नाही. ज्याला एक वर्षाची कैद आणि पन्नास हजार दंड आहे, त्यापुढे तोच शेरा मारताना सही करणारा दोनदा विचार करतो आणि फाइल वर पाठवितो. उद्या तीन वर्षे झाली तर ती फाइल वरूनही खाली येणार नाही. दंड कोणी भरो वा न भरो, शिक्षेचा नुसता आकडा असा काम करीत राहतो.

आणि भिंत? ती पुसण्यास बादलीभर पाणी, तारेचा ब्रश व एका सफाई कामगाराची अर्धी सकाळ लागते. हा खर्च पालिकेचा, म्हणजे आपला. त्यावर आता शिपायाचा जबाब, पंचनामा, छायाचित्रे, आरोपपत्र, सरकारी वकील आणि तारखांमागून तारखा. एका कागदापायी किती कागद! कोणी कोठडीत राहिलाच, तर त्याच्या जेवणाचा खर्चही आपलाच. २०२२ च्या अखेरीस दिल्लीच्या तुरुंगांत क्षमतेच्या पावणेदोनपटीहून अधिक माणसे होती.

न्यूयॉर्कने १९७२ पासून भुयारी गाड्यांवर रंग फासणाऱ्यांशी युद्ध पुकारले. कायदे झाले, तारांची कुंपणे झाली, कुत्रीही ठेवली गेली. यश आले ते १९८४ नंतर, जेव्हा एकदा धुतलेला डबा पुन्हा रंगला तर पुसल्याशिवाय बाहेर काढायचाच नाही, असा नियम केला गेला. आपले नाव कोणी पाहणारच नसेल तर लिहिणारा लिहील कशाला? १९८९ च्या मे महिन्यात शेवटचा रंगलेला डबा सेवेतून गेला.

दिल्लीतही हे घडले आहे. २०२४ च्या सप्टेंबरात विद्यापीठ विद्यार्थी संघाची निवडणूक झाली आणि उमेदवारांच्या नावांनी भिंती इतक्या माखल्या की, त्या स्वच्छ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणीच अडवून धरली. मतदान २७ सप्टेंबरला झाले, निकाल लागला २५ नोव्हेंबरला. मधल्या काळात तेच उमेदवार हाती ब्रश घेऊन भिंती धुताना दिसले. पन्नास हजारांनी जे केले नाही ते अडकलेल्या निकालाने केले. पुढल्या वर्षी विद्यापीठाने उमेदवारांकडून लाखाचा बंधलेख मागितला, हे मात्र मला पटले नाही. लाखाचे हमीपत्र देणे कोणाला सोपे व कोणाला अवघड, हे सांगावयास नको.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘समाजसेवा’ ही शिक्षा प्रथमच आली. मोजक्या लहान अपराधांना ती देता येते. पाच हजारांहून कमी रकमेची पहिली चोरी त्यांत आहे, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणे आहे, बदनामीही आहे. भिंत खराब करणे हा अपराध निराळ्या कायद्यातला, म्हणून त्या यादीत नाही. म्हणजे मद्यप्याच्या हाती झाडू देता येतो, पण ज्याने भिंत माखली त्याच्या हाती ब्रश देण्याची सोय त्या संहितेत नाही.

त्या मुलाने अभ्यास सोडलेला नाही. त्याची पुढची तारीख पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात पडली आहे.