छंदाचा रकाना

आपल्या समाजाच्या युवक-युवती परिचय पुस्तिकेसाठी जो अर्ज भरून द्यावा लागतो, त्यात शिक्षण, गोत्र, मामाचे गोत्र, उंची, उत्पन्न अशा महत्त्वाच्या बाबी झाल्यावर अगदी शेवटी एक लहानसा रकाना असतो : छंद. बहुतेक पालक तो फारसा विचार न करता भरतात. मी मात्र त्या एका रकान्यापाशी बराच वेळ थांबलो होतो, आणि शेवटी तिथे जे लिहिले ते खोटे होते.

गेल्या वर्षी धाकट्या कन्येचा अर्ज मीच भरला. ती सी.ए. आहे, पुण्यात नोकरी करते. छंदापुढे मी ‘वाचन, संगीत व पाककला’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. अर्जाची प्रत वाचून ती हसली. “पप्पा, पाककला? माझा चहासुद्धा मम्मी करून देते.” मग गंभीर होऊन म्हणाली, “आठ वर्षे दर रविवारी मी जे करते, ते कुठे आहे?”

ती जे करते त्याला मराठीत प्रस्तरारोहण म्हणतात. गडावर पायवाटेने जाणे वेगळे आणि उभा कातळ हातापायांच्या आधारे चढून जाणे वेगळे. महाविद्यालयात असताना तिला हा नाद लागला. दोन-चार महिन्यांत ओसरेल, असे आम्ही मानले होते. तो ओसरला नाही. घरात त्याविषयी बोलणे टाळायचे, नातेवाइकांनी विचारले तर ‘ट्रेकला गेली आहे’ असे सांगायचे, एवढीच आमची पद्धत पडून गेली होती.

“लिहिले तर स्थळे येणार नाहीत,” मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, “कर्ज मागायला आलेल्या माणसाने अर्जात काही लपवले, तर तुम्ही काय करत होता?” चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. अर्ज टेबलावर तसाच राहिला. दोन दिवसांनी तिनेच तोड सुचवली, “एकदा येऊन पाहा. मग ठरवा काय लिहायचे ते.”

पाहण्याचे ठिकाण ठरले मनमाडजवळची हडबीची शेंडी. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी आकाशात उभारलेल्या अंगठ्यासारखा हा सुळका नक्की पाहिला असेल. मीही नोकरीच्या काळात शेकडो वेळा पाहिला होता. पण त्यावर माणसे चढतात, हे मनातही आले नव्हते. नाव ऐकताच मला धडकी भरली, कारण २०२२ च्या जानेवारीत याच सुळक्यावर झालेल्या अपघातात दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाल्याची बातमी माझ्या वाचनात होती. सौ.ने त्या रात्री झोपेपर्यंत नवकाराची माळ हातातून सोडली नाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही निघालो. चमूत सहा जण होते. सुळक्याच्या मुळाशी पोहोचायलाच मला तासाभराची दमछाक झाली. तिथून मान वर केली, तर टोपी मागे पडली. एवढ्या उंचीवर मुलीला जाऊ देणारा बाप शहाणा की वेडा, असा प्रश्न माझा मलाच पडला.

पुढचा अर्धा तास कोणीही चढले नाही. मी घाई, आरडाओरडा, फुशारकी यांची अपेक्षा धरून गेलो होतो. तिथे शांतपणे मोजदाद चालू होती. दोर हातभर हातभर सरकवत सगळा चाचपून पाहिला जात होता. कड्या, पट्टे, शिरस्त्राणे मांडून एकेक तपासली जात होती. कन्येने कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, आठच्या आकड्याची गाठ मारून दोर बांधला. मग तिचा जोडीदार जवळ आला. त्याने तिची गाठ व बक्कल स्वतःच्या हाताने ओढून पाहिले आणि तिने त्याचे. दोघेही आठ वर्षांचे जाणते. तरीही पहिल्या दिवसासारखी तपासणी!

मला आमची तिजोरीची खोली आठवली. तिला दोन किल्ल्या असत. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. त्यात कोणावर अविश्वास नव्हता. माणूस कितीही सज्जन असला तरी चुकू शकतो, एवढाच त्या नियमाचा अर्थ होता.

पुढे चढणाऱ्याचा दोर खालचा जोडीदार धरून असतो. याला ती मुले ‘बिले देणे’ म्हणतात. चढणारा कातळातील बोल्टमध्ये कडी व कडीत दोर अडकवत वर जातो. तो निसटलाच, तर शेवटच्या कडीवर दोर ताणला जातो आणि खालचा जोडीदार तो रोखून धरतो. हा दोर नायलॉनचा असतो व पडणाऱ्याचा झटका सोसण्यासाठी थोडासा ताणला जातो. जिथे थांबायचे तिथे एका बोल्टवर भरवसा ठेवत नाहीत. भार दोन-तीन ठिकाणी वाटून देतात. एक जामीनदार बुडाला तरी कर्ज बुडू नये, असे ते गणित आहे.

ती चढू लागली. एक हात किंवा एक पाय हलवायचा, तेव्हा उरलेले तीन अवयव पक्के. प्रत्येक खोबणीवर भार देण्यापूर्वी ती कातळावर बोटांच्या पेरांनी ठोकत होती. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने मला कारण सांगितले. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ भाग झिजून गेले, कठीण उरले आणि असे सुळके उभे राहिले. पण कठीण दिसणारा दगडही आतून सुटलेला असू शकतो. घट्ट दगड ठोकला तर भरीव आवाज येतो, सुटलेला पोकळ वाजतो. आमचे आजोबा पेढीवर चांदीचा रुपया असाच वाजवून घेत. नाण्याची पारख कानाने करणाऱ्या घराण्याची नात दगडाची पारख कानाने करीत होती, हे पाहून मला त्या भयातही हसू आले.

दोन तृतीयांश अंतर गेले असेल, तेव्हा ती थांबली. बराच वेळ हलली नाही. मग वरून आवाज आला. पुढचा बोल्ट गंजून सैल झाला होता आणि त्याच्या वरच्या कपारीत आग्या मोहोळ होते. वारा फिरल्यामुळे माश्या चाळवल्या होत्या. माथा तिथून चार-पाच पुरुष उंचीवर राहिला असेल. खालून कोणीही ‘थोडे राहिले आहे’ म्हटले नाही. जोडीदाराने एवढेच विचारले, “उतरायचे?” वरून उत्तर आले, “उतरायचे.” ती काळजीपूर्वक पायरी पायरीने खाली आली, दोन पक्क्या बोल्टांना दोर लावला आणि उतरून माझ्यासमोर उभी राहिली. चेहऱ्यावर ना भीती होती, ना खंत. “त्यांचे घर आहे ते,” मोहोळाकडे पाहत ती म्हणाली, “आणि सुळका कुठे पळून जात नाही.” मग मला कळले की चमूतील कोणीही त्या दिवशी अत्तर लावून आलेले नव्हते. उग्र वास, धूर, गोंगाट यांनी या माश्या उठतात, हे त्यांना ठाऊक होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एका तालुक्याच्या गावी कर्जविभागात असताना एका व्यापाऱ्याची फाइल माझ्याकडे होती. तारण मालमत्तेच्या कागदांत एक शंका मला दिसली होती. परंतु प्रकरण शेवटच्या सहीपर्यंत आले होते. वरिष्ठ वाट पाहत होते, अर्जदाराने मालाची बोलणी केली होती. ‘आता इतके पुढे आल्यावर कुठे मागे फिरायचे,’ असे म्हणून मी सही केली. दोन-अडीच वर्षांत खाते थकीत झाले, तारण वादात अडकले आणि त्या कुटुंबाला भर बाजारातले दुकान विकावे लागले. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. पण त्या दुकानाचे खाली ओढलेले शटर आजही डोळ्यांपुढे येते. मी त्या दिवशी नाही म्हटले असते, तर तो माणूस चार दिवस रागावला असता, इतकेच.

माझ्या मुलीने माथा समोर दिसत असताना जे केले, ते मला मऊ खुर्चीवर बसून जमले नव्हते.

परतताना टंकाई किल्ल्याच्या उतारावरील जैन लेण्यांत थांबलो. सूर्यास्ताला अवकाश होता. चौविहारापूर्वी डबे तिथेच खाल्ले. सुमारे अकराव्या-बाराव्या शतकातील त्या कोरीव खांबांजवळ बसल्यावर वाटले, हाही तोच काळा कातळ. ज्यांनी तो कोरला, त्यांनाही घाव घालण्यापूर्वी दगड ओळखावा लागला असेल. एक चुकीचा घाव, की मूर्ती गेली. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवंतांनी गौतमस्वामींना प्रमाद टाळण्याचा उपदेश पुन्हा पुन्हा केला आहे. स्थानकात तो मी अनेकदा ऐकला. महाराजसाहेब ज्याला जयणा म्हणतात, ती पाऊल टाकण्यापूर्वीची सावधानता एवढ्या स्पष्टपणे घडताना पाहिली ती मात्र त्या सुळक्यावर. मुलांच्या खेळाला मी धर्म म्हणत नाही. पण तो बेफिकिरीचा खेळ आहे, असे आता माझ्याने म्हणवणार नाही.

म्हणून धोका नाही, असे मुळीच नाही. ज्यांची मुले-मुली या वाटेला लागली आहेत, त्यांनी मनाईऐवजी प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. शिकवले कोणी? दोर कोण धरणार? शिरस्त्राण आहे का? परतण्याची वेळ कोणाला सांगून ठेवली आहे? आणि जुन्या सवयीने आणखी एक : विम्याची पॉलिसी वाचून घ्यावी. अनेक पॉलिसींत साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात. आमच्याही होत्या. मी दुसरी घेतली.

घरी येऊन नवा अर्ज भरला. छंदाच्या रकान्यात ‘प्रस्तरारोहण’ लिहिले. लिहिताना हात किंचित थरथरला, हेही सांगून टाकतो. पुस्तिका निघाल्यावर एका चांगल्या घराने विचारणा करून, तो शब्द वाचून नम्रपणे माघार घेतली. दुसऱ्या एका गृहस्थांनी दूरध्वनीवर स्पष्टच विचारले, “आणि पडली तर?” मी म्हटले, “तिचा दोर कोण धरते ते पाहायला एकदा माझ्याबरोबर चला.” ते अजून आलेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

संवत्सरीच्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. या वर्षी सायंकाळी प्रतिक्रमणानंतर मी प्रथम धाकटीला हात जोडले. आठ वर्षे तिची खरी ओळख मी लोकांपासून लपवली, त्यासाठी. ती म्हणाली, “पप्पा, रविवारी येता का? या वेळी बोल्ट बदलायला जायचे आहे.”