काप दखा

वखारीत गिऱ्हाईक आलं की फळीवर ओला बोळा फिरवतात. पाणी लागलं की लाकडाचा रंग खुलतो, रेषा उठून दिसतात आणि गिऱ्हाईक भाव विचारतं. धुळ्यात पाहिलं, जळगावातही पाहिलं. 'वलसाडी साग' म्हणून पुढं केलेली फळी डांगच्या जंगलातली की जहाजानं आलेली आफ्रिकेतल्या लागवडीची, हे त्या ओल्या चकाकीवरून कोण सांगणार?

यावल तालुक्यातलं मामांचं धाब्याचं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा माझी या विषयाशी खरी गाठ पडली. धाब्यावरची खारी माती निघाली आणि चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं मुरलेली लाकडं एकेक करून अंगणात आली. खांब, तुळया, कड्या, सगळं एकजात काळं. त्यातून मला नव्या घराच्या चौकटी आणि एक मोठं टेबल करून घ्यायचं होतं. मामांनी धुळ्याकडचे एक म्हातारे सुतार बोलावले. सगळे त्यांना आबा म्हणत. काजळी खरवडून आतला रंग बघावा म्हणून मी रंधा मागितला, तर आबा म्हणाले, "भाऊ, रंग दखू नका, काप दखा."

त्यांनी तुळईच्या टोकाचा बोटभर तुकडा करवतीनं उडवला, आडव्या कापावर धारदार पटाशी फिरवली आणि जिभेवरचं बोट त्यावर घासलं. वर्तुळं लख्ख दिसली. साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पुन्हा वाढ धरताना आधी मोठ्या छिद्रांची रांग घालतो. पुढची छिद्रं बारीक होत जातात. उभ्या फळीवर ज्या रेषांवर आपण भाळतो, त्या याच रांगांच्या. मामांच्या तुळईत वर्तुळं एकमेकांना खेटून होती, म्हणजे झाड सावकाश वाढलेलं. लागवडीच्या, भराभर वाढलेल्या सागात ती ऐसपैस असतात. ताज्या कापाला जुन्या चामड्याचा वास येतो आणि हाताला किंचित तेलकटपणा लागतो. रंगाचं म्हणाल तर नुकता चिरलेला साग कुठं हिरवट, कुठं पिवळट पट्ट्यांचा दिसतो. हवा-उजेड लागल्यावर काही दिवसांनी तो सोनेरी तपकिरी होतो. पहिल्या दिवशीच्या रंगावर जो सागाला नाकारतो, त्याची कीव करावी.

जळगावला परत आल्यावर मी सराफ बाजारातून दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. हिऱ्यातला डाग शोधायचं हे साधन लाकडाला तितकंच चालतं. मामांच्या घरातला देव्हारा हळदूचा निघाला तो भिंगामुळं. त्याच्या कापावर वर्तुळं जवळपास दिसतच नाहीत आणि छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना तो भाग सपाट वाटतो. म्हणूनच कंगवे आणि खेळणी करायला हे लाकूड घेत. नवं असताना पिवळं असतं, पण देव्हारा कधीच तपकिरी झाला होता.

मधला खांब मात्र भिंगापर्यंत पोचलाच नाही. आबांच्या पटाशीची धार गेली. ते काही न बोलता ढलपी उचलून बादलीत टाकून मोकळे झाले, आणि ती सरळ तळाला गेली. अंजन! शिसव असो, बाभूळ असो, वाळलेली पाण्यावर तरंगतात. अंजन पाण्यापेक्षा जड. सातपुड्याच्या आपल्या बाजूच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर हे झाड आहे, आणि खांबाला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं क्वचितच.

एका तांबूस कडीवर आमचं एकमत होईना. आबांनी तिच्या ढलप्या काचेच्या पेल्यात रात्रभर भिजत ठेवल्या. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. पेला उन्हात धरला तर कडेला निळी झाक. हा बिबळा. याच लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून बाजारात विकतात. औषधाचं डॉक्टर सांगतील, ओळख म्हणून ही निळाई पक्की.

गोठ्याकडं मोडकी बैलगाडी पडली होती. तिच्यावर आबांनी माझी परीक्षाच घेतली. चाकाचा तुंबा, आरे, पाट बाभळीचे. कापावर गुलाबी-तांबडा गाभा आणि भोवती पांढरा, किडीनं पोखरलेला पट्टा. दांड्या तिवसाच्या. बाभूळ तोडल्यावर महिनोन्महिने पाण्यात बुडवून ठेवायची, मग सुकवायची, हे मामांना आठवत होतं. एका गाडीत दोन-तीन झाडं, आणि प्रत्येकाला त्याच्या अंगचं काम.

गॅम्बल नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्यानं १८८१ साली हिंदुस्थानातल्या लाकडांवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात रंगाबरोबर छिद्रं, कापावरचे किरण आणि घनफुटाचं वजन दिलं आहे. आबांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांच्या खुणा मात्र जवळपास त्याच: काप, वजन, वास, आणि सगळ्यात शेवटी रंग.

जुन्या तुळया चिरायला आरागिरणीवाला सहजी तयार होत नाही. आत लपलेला एक खिळा त्याचं पातं खातो. खिळे उपसण्यातच आमचे कितीतरी दिवस गेले, आणि तरी दोन चौकटींचं लाकूड कमी पडलं. म्हणून मी धुळ्याच्या एका वखारीत गेलो. तिथं नेहमीप्रमाणं ओला बोळा फिरला. मी फळी उभी करून तिचा माथा पटाशीनं साफ केला आणि खिशातून भिंग काढलं. वखारवाला जरा वेळ बघत राहिला.

"साहेब, सोनं घ्यायला आलात का लाकूड?"

मग त्यानं पोऱ्याला हाक मारून मागच्या शेडमधली दुसरी फळी आणायला सांगितली. तिची वर्तुळं दाट होती. भाव मात्र त्यानं घनफुटाला एक रुपयाही सोडला नाही.